लाइन आणि आर्क जोडून खरोखर बंद आकृती कशी करावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑटोकॅड या आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एका प्लेटचे प्रोफाइल (बाह्यरेषा) लाइन आणि आर्क (वर्तुळाचा कंस) वापरून काढले, पडद्यावर ते सगळीकडून बंद दिसते, तरीही लेसर कटिंगवाल्याने ‘कंटूर ओपन आहे’ (बाह्यरेषा उघडी आहे) असे सांगून फाइल परत पाठवली. पीएडिट हा तुकडे जोडून पॉलिलाइन (एकसंध रेषा) करणारा आदेश वापरला तर काही तुकडे जोडले जातात आणि उरलेल्यांच्या बाबतीत शून्य सेगमेंट जोडल्याचा संदेश येतो. तेव्हा फझ अंतर (जेवढी फट असली तरी टोके जुळवली जातात ते अंतर) ५ ठेवून एकदाचे सगळे जोडून टाकावे का, असे आपण विचारले आहे.

तसे करू नये. ५ मिलिमीटरचे फझ अंतर दिल्यावर बहुधा सगळे जोडले जाईल, परंतु प्लेटवर ५ मिलिमीटरपेक्षा लहान खाच, चॅम्फर (तिरका छाटलेला कोपरा) किंवा कोपऱ्याची गोलाई असेल तर तिची टोकेसुद्धा चुकीच्या जागी जुळवली जाऊ शकतात, आणि तो बिघाड पडद्यावर सहज दिसत नाही. जे तुकडे जोडले जात नाहीत त्यांच्यामागे ठराविक कारणे असतात. ती आधी शोधावीत, म्हणजे बहुतेक वेळा फझ अंतराची गरजच पडत नाही.

मूळ अडचण लाइन आणि आर्क यांची माहिती फाइलमध्ये कशी साठवली जाते यात आहे. लाइनची दोन्ही टोके निर्देशांकांच्या रूपात थेट साठवलेली असतात. आर्कचे तसे नसते. आर्कसाठी केंद्रबिंदू, त्रिज्या, आरंभकोन आणि अंतिम कोन एवढेच साठवले जाते आणि त्याचे टोक प्रत्येक वेळी या चार गोष्टींवरून गणित करून काढले जाते. त्यामुळे लाइनचे टोक आणि आर्कचे टोक या दोन वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या संख्या असतात. एंडपॉइंट स्नॅप (कर्सर नेमका टोकावर बसवणारी सोय) लावून काळजीपूर्वक काढलेल्या ड्रॉइंगमध्ये त्यांच्यातला फरक इतका नगण्य असतो की सॉफ्टवेअर त्याकडे दुर्लक्ष करते. मात्र फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून डीएक्सएफ (ड्रॉइंगच्या देवाणघेवाणीचा फाइल प्रकार) होऊन आली असेल आणि वाटेत कोनाचे दशांश कापले गेले असतील, तर फरक वाढतो. कोनात ०.०१ अंशाची चूक झाली, तर १२.७ मिलिमीटर त्रिज्येच्या आर्कचे टोक जेमतेम ०.००२ मिलिमीटरने सरकते, पण ५०० मिलिमीटर त्रिज्येच्या आर्कचे टोक जवळजवळ ०.०९ मिलिमीटरने सरकते. मोठ्या त्रिज्येचे चपटे आर्क जोडताना त्रास जास्त का होतो, हे यावरून लक्षात येईल.

पॉलिलाइनमध्ये ही अडचण उरत नाही. तिथे शिरोबिंदूंची एक सलग माळ साठवलेली असते आणि दोन बिंदूंमधला तुकडा वक्र असेल तर त्याच्यासाठी ‘बल्ज’ नावाची एक संख्या असते. ही संख्या म्हणजे आर्कच्या अंतर्गत कोनाच्या एक चतुर्थांशाचा टॅन्जन्ट. अर्धवर्तुळासाठी ती १ येते, पाव वर्तुळासाठी सुमारे ०.४१४२ येते, सरळ तुकड्यासाठी शून्य असते आणि घड्याळाच्या दिशेने जाणाऱ्या आर्कसाठी ऋण असते. एका तुकड्याचे शेवटचे टोक आणि पुढच्याचे पहिले टोक हा एकच बिंदू असल्यामुळे मध्ये फट पडायला जागाच राहत नाही. कटिंगच्या सॉफ्टवेअरला हेच हवे असते, कारण आकृती बंद असल्याशिवाय आत कोणते आणि बाहेर कोणते हे त्याला ठरवता येत नाही, आणि ते ठरल्याशिवाय कापाच्या रुंदीची भरपाई कोणत्या बाजूला द्यायची हेही ठरत नाही.

आता निदानाकडे वळू. पीएडिटने जेवढे जोडले आहे त्या पॉलिलाइनवर क्लिक करावे. तिचे निळे ग्रिप्स (निवडलेल्या घटकावर दिसणारे लहान चौकोन) जिथे थांबतात, तिथेच पहिली अडचण आहे. त्या टोकावर झूम करावे. डोळ्यांना फट दिसली तर प्रश्न सोपा आहे. दिसली नाही, तर युनिट्स या आदेशात लांबीची अचूकता आठ दशांशांपर्यंत वाढवावी आणि आयडी हा आदेश देऊन लाइनचे टोक आणि आर्कचे टोक असे दोन्ही बिंदू स्नॅपने निवडावेत. चार दशांशांवर दोन्हीकडे १००.०००० दिसणारा एक्स निर्देशांक आठ दशांशांवर एकीकडे १००.०००००००० आणि दुसरीकडे १००.००००३५०० निघतो, असे अनेकदा होते. ड्रॉइंगमध्ये दिसणारे दशांश हे केवळ दाखवण्यापुरते असतात. आत साठवलेली संख्या त्याहून बरीच लांब असते.

आयडीच्या उत्तरात तिसरा आकडाही येतो, आणि तो झेड निर्देशांक पाहायला विसरू नये. वरून पाहताना दोन टोके अगदी एकमेकांवर दिसतात, पण एक शून्य पातळीवर आणि दुसरे २.५ वर असेल, तर जोडणीच्या दृष्टीने ती एकमेकांपासून दूरच आहेत. टोटल स्टेशन या सर्वेक्षण यंत्राच्या मोजणीवरून तयार झालेल्या नकाशांत हे हमखास आढळते, कारण तिथे प्रत्येक बिंदूला जमिनीची खरी उंची चिकटलेली असते. अशा लाइन जॉइन आदेशाने जोडल्या तर त्रिमितीय पॉलिलाइन तयार होते, आणि त्रिमितीय पॉलिलाइनमध्ये आर्क बसत नाही. उपाय साधा आहे: सगळे घटक निवडून प्रॉपर्टीज पॅलेटमध्ये लाइनचे आरंभीचे व शेवटचे झेड आणि आर्कच्या केंद्राचे झेड शून्य करावे. एक्स्प्रेस टूल्स (ऑटोकॅडची जादा साधने) बसवलेली असतील तर फ्लॅटन हा आदेशही हे काम करतो, परंतु तो काही घटकांचे रूप बदलू शकतो, म्हणून मी आधी प्रॉपर्टीजचा मार्ग वापरतो. तिथेच आर्कच्या ‘नॉर्मल झेड’वरही नजर टाकावी. एखादी आकृती त्रिमितीत उलटी फिरवली गेली असेल तर तिथे उणे १ दिसतो आणि तसा आर्क शेजारच्या लाइनशी जुळायला तयार होत नाही. तो खोडून त्याच टोकांवर नव्याने काढणे हे त्याला दुरुस्त करण्यापेक्षा लवकर होते.

तिसरे कारण म्हणजे एकावर एक पडलेल्या लाइन. कॉपी करताना, ब्लॉक (एकत्र बांधलेले घटक) फोडताना किंवा दोन ड्रॉइंग एकत्र आणताना त्याच जागी दुसरी लाइन बसते आणि ती दिसत नाही. जोडणी एका टोकाला पोचली की पुढे जाण्यासाठी तिला एकच वाट हवी असते. तिथे दोन किंवा तीन वाटा असतील तर सॉफ्टवेअर त्यांपैकी कोणतीतरी एक धरते आणि आपल्याला अपेक्षित नसलेली आकृती हातात येते. मध्यरेषा, आतले दुभाजक आणि मापनरेषा त्याच टोकांना येऊन मिळत असतील तरी हेच घडते. म्हणून जोडण्यापूर्वी बाह्यरेषेचे घटक वेगळ्या लेअरवर (ड्रॉइंगच्या थरावर) घ्यावेत, बाकीचे लेअर बंद करावेत आणि उरलेल्यांवर ओव्हरकिल चालवावे. ऑटोकॅडच्या २०१२ च्या आवृत्तीपासून हा आदेश मूळ सॉफ्टवेअरमध्येच आहे. एकावर एक पडलेले आर्क आणि लाइन तो काढून टाकतो, अंशतः एकमेकांवर चढलेल्या लाइन एक करतो आणि किती घटक काढले ते सांगतो. दुहेरी रेषेमुळे लेसर त्याच वाटेने दोनदा फिरतो आणि कड जळते, त्यामुळे जोडणीचा प्रश्न नसला तरी कटिंगच्या प्रत्येक फाइलवर हा आदेश चालवणे मी अनिवार्य मानतो.

काही घटक मुळात पॉलिलाइनमध्ये मावतच नाहीत. लंबवर्तुळाचा तुकडा पीएडिटने लाइनला जोडता येत नाही. लंबवर्तुळाकार वक्र पॉलिलाइनच्या रूपातच हवा असेल तर पीएलिप्स हे चल (सॉफ्टवेअरची सेटिंग) १ करून तो नव्याने काढावा, म्हणजे तो आर्कच्या तुकड्यांनी बनलेला मिळतो. स्प्लाइन (मुक्त वळणाचा वक्र) असेल तर पीएडिट तिचे रूपांतर करू शकते, परंतु त्यापूर्वी पीलाइनकन्व्हर्टमोड हे चल १ करावे. ते शून्यावर असल्यास स्प्लाइनचे सरळ तुकडे पडतात आणि कापलेल्या कडेवर ते बोटाला जाणवतात. पूर्ण वर्तुळाला मात्र जोडणीची गरजच नाही. ते स्वतःच बंद असते, आणि प्लेटवरची भोके वर्तुळ म्हणूनच ठेवली तर कटिंगचे सॉफ्टवेअर त्यांना भोक म्हणून सहज ओळखते. याखेरीज एखादा घटक ब्लॉकच्या आत किंवा लॉक केलेल्या लेअरवर राहिला आहे का, तेही पाहून घ्यावे.

एवढी साफसफाई झाल्यावर प्रत्यक्ष जोडणीला मिनिटभरही लागत नाही. पीई टाइप करून एंटर दाबावे, एकापेक्षा जास्त घटक निवडण्यासाठी एम द्यावा, बाह्यरेषेचे सगळे घटक खिडकी करून निवडावेत आणि एंटर दाबावे. लाइन आणि आर्कचे पॉलिलाइनमध्ये रूपांतर करू का, असे विचारल्यावर होकार द्यावा. (हा प्रश्न दरवेळी नको असेल तर पीएडिटअ‍ॅक्सेप्ट हे चल १ करून ठेवावे.) नंतर जॉइनसाठी जे द्यावा, फझ अंतर शून्य ठेवावे आणि किती सेगमेंट जोडले गेले तो आकडा वाचावा. बंद आकृतीत मूळ घटक आठ असतील तर सात सेगमेंट जोडल्याचे कळले पाहिजे, कारण पहिला घटक आधार म्हणून धरलेला असतो. आकडा कमी आला तर कुठेतरी अजून फट आहे. एकच घटक निवडून पीएडिट सुरू केल्यास फझ अंतर विचारलेच जात नाही आणि टोके तंतोतंत जुळलेली असावी लागतात. अनेकांचा गोंधळ इथे होतो, म्हणून एम देण्याची सवय ठेवावी.

आता फझ अंतराविषयी, कारण आपला खरा प्रश्न तोच आहे. हे अंतर वापरूच नये असे माझे म्हणणे नाही. बाहेरून आलेल्या आणि शेकडो घटक असलेल्या डीएक्सएफमध्ये प्रत्येक फट हाताने मिटवत बसणे व्यवहार्य नसते. तिथे फझ अंतर सर्वांत मोठ्या फटीपेक्षा किंचित जास्त, आणि आकृतीतल्या सर्वांत लहान खऱ्या तुकड्याच्या निम्म्यापेक्षा बरेच कमी ठेवावे. मिलिमीटरमधल्या ड्रॉइंगसाठी मी ०.००१ पासून सुरुवात करतो, नंतर ०.०१ देऊन पाहतो आणि ०.०५ च्या पुढे जावे लागले तर फझ सोडून ड्रॉइंगच दुरुस्त करायला घेतो. हे अंतर ड्रॉइंगच्या एककात असते, त्यामुळे मीटरमध्ये काढलेल्या नकाशात ०.०१ दिले की ते १० मिलिमीटर होते, हे ध्यानात ठेवावे. फझ विचारले जात असतानाच जॉइनटाइप हा पर्यायही मिळतो. त्यात एक्स्टेंड निवडले तर तुकडे लांबवून किंवा छाटून एकमेकांना भिडवले जातात, अ‍ॅड निवडले तर फटीत सरळ तुकडा भरला जातो, आणि बोथमध्ये आधी पहिला प्रयत्न होतो व तो जमला नाही तर दुसरा. अ‍ॅडने भरलेला ०.०२ मिलिमीटरचा तुकडा डोळ्यांना दिसत नाही, परंतु मशीनला तो दिसतो, आणि अशा सूक्ष्म तुकड्यापाशी हेड क्षणभर अडखळले की कडेवर खूण उमटते. म्हणून कटिंगसाठी मी एक्स्टेंडच ठेवतो.

फट मोठी असेल तेव्हा फझ विसरावे आणि भूमिती नीट करावी. दोन सरळ रेषा कोपऱ्यात भिडत नसतील तर फिलेट या कोपरा गोल करणाऱ्या आदेशात त्रिज्या शून्य ठेवून दोन्ही निवडल्या की कोपरा तंतोतंत मिळतो. दोन रेषांमधला गोलाईचा आर्क एका बाजूला सरकलेला असेल, तर तो ओढूनताणून बसवण्याऐवजी खोडून टाकावा आणि फिलेटमध्ये खरी त्रिज्या देऊन पुन्हा काढावा. ओढून बसवलेला आर्क जोडला जातो, पण रेषेला स्पर्शिका राहत नाही, आणि तयार प्लेटच्या कोपऱ्यावर हलका खांदा दिसतो. फिलेटने काढलेला आर्क स्पर्शिकेतच बसतो आणि त्याची टोके रेषांच्या टोकांशी जुळलेली असतात.

जॉइन या स्वतंत्र आदेशाचाही उल्लेख करायला हवा. २०१२ च्या आवृत्तीपासून तो वेगवेगळ्या प्रकारचे घटक एकदम घेतो आणि वापरायला पीएडिटपेक्षा सुटसुटीत आहे. मात्र त्यात फझ अंतर नाही. ज्या घटकांची टोके जुळत नाहीत ते तो बाजूला टाकतो आणि किती टाकले तेवढे सांगतो. म्हणूनच तपासणीसाठी तो मला आवडतो: जॉइनने सगळे जोडले गेले तर ड्रॉइंग स्वच्छ आहे असे समजावे. निवडीत स्प्लाइन असेल तर मात्र निकाल पॉलिलाइनऐवजी स्प्लाइन येतो, तेवढे पाहावे.

बाउंडरी या आदेशाचा मार्ग वेगळा आहे. बीओ देऊन आकृतीच्या आत एका ठिकाणी क्लिक केले की सॉफ्टवेअर भोवतालची हद्द शोधते आणि तिच्यावर नवी बंद पॉलिलाइन घालते, आणि मूळ लाइन, आर्क तसेच राहतात. खोल्यांची क्षेत्रफळे काढताना, जिथे एकच भिंत दोन खोल्यांना समाईक असते तिथे, याला तोड नाही. कारण तिथे मूळ रेषा जोडून चालतच नाहीत. आतली बेटे शोधण्याचा पर्याय चालू असेल तर त्यांच्याही पॉलिलाइन तयार होतात. संपूर्ण आकृती पडद्यावर मावेल इतके झूम आधी ठेवावे. हद्द बंद नसेल तर नव्या आवृत्त्यांत सुट्या टोकांभोवती लाल वर्तुळे दिसतात, आणि फटी शोधण्यासाठी ती इतकी उपयोगी आहेत की हॅच (आकृतीच्या आत रेघा भरणे) करायचे नसले तरी मी हॅच देऊन ती पाहतो. रीजेन (पडद्यावरचे चित्र पुन्हा रेखाटणे) केले की ती जातात. हॅचसाठी एचपीगॅपटॉल नावाचे चल वाढवून फटी दुर्लक्षित करता येतात, परंतु त्याने केवळ हॅच भरले जाते आणि फट होती तिथेच राहते. कटिंगसाठी त्याचा उपयोग नाही.

रीजन (बंद आकृतीपासून केलेला सपाट पृष्ठासारखा घटक) क्षेत्रफळ, गुरुत्वमध्य आणि वजाबाकी यांसाठी उत्तम आहे. मात्र तो पॉलिलाइनहून वेगळ्या जातीचा घटक असल्याने कटिंगच्या अनेक सॉफ्टवेअरना वाचता येत नाही, म्हणून डीएक्सएफमध्ये तो ठेवू नये.

नकाशांच्या बाबतीत आणखी एक कारण संभवते. सर्वेक्षणाचा नकाशा यूटीएम (मीटरमधली एक नकाशापद्धती) निर्देशांकांत असेल, तर महाराष्ट्राच्या बहुतेक भागात उत्तरेकडचा आकडा २० लाख मीटरच्या आसपास असतो, आणि तोच मिलिमीटरमध्ये केला की दहा अंकी संख्या होते. संगणकाच्या साधारण १५–१६ अंकांच्या अचूकतेतले बहुतेक अंक पूर्णांकातच खर्ची पडतात आणि बाउंडरी व हॅच विचित्र वागू लागतात. अशा वेळी आकृतीची प्रत शून्यबिंदूजवळ आणून तिथे जोडणी करावी, आणि सरकवलेले अंतर लिहून ठेवून ती मूळ जागी परत न्यावी. महाराष्ट्रात अनेक महानगरपालिकांच्या बांधकाम परवानगीच्या संगणकीय छाननीत भूखंडाची हद्द आणि बांधीव क्षेत्र ठरलेल्या लेअरवर बंद पॉलिलाइननेच दाखवावे लागते, त्यामुळे वास्तुविशारदांच्या कार्यालयांतही हाच प्रश्न रोज उभा राहतो.

जोडणी झाली म्हणजे आकृती बंद झाली असे नव्हे. प्रॉपर्टीजमध्ये पॉलिलाइनसमोर ‘क्लोज्ड’ हा गुणधर्म असतो आणि तिथे ‘येस’ दिसले पाहिजे. पॉलिलाइन काढताना शेवटचा बिंदू पहिल्या बिंदूवर स्नॅप करून एंटर दाबला, तर टोके एकाच जागी येतात पण आकृती अधिकृतपणे उघडीच राहते. तिला नंतर नुसते ‘येस’ केले तर त्या जागी शून्य लांबीचा तुकडा उरतो. पॉलिलाइन ऑप्टिमाइझ करण्याचा पर्याय चालू ठेवून ओव्हरकिल केले की तो जातो. मुळात काढतानाच शेवटचा बिंदू न देता सी देऊन बंद केले, किंवा आर्क चालू असताना सीएल दिले, तर हा प्रश्नच येत नाही.

क्षेत्रफळ आले म्हणून आकृती बंद आहे, असेही समजू नये. ८० मिलिमीटरच्या दोन समांतर रेषा आणि त्यांच्या दोन टोकांना २० मिलिमीटर त्रिज्येची अर्धवर्तुळे, असा एक स्लॉट घ्या. त्याचे क्षेत्रफळ ३२०० अधिक १२५६.६४ म्हणजे ४४५६.६४ चौरस मिलिमीटर आणि परिमिती १६० अधिक १२५.६६ म्हणजे २८५.६६ मिलिमीटर आली पाहिजे. डावे अर्धवर्तुळ जोडायचे राहून गेले, तरीही एरिया आदेश तक्रार करत नाही. तो दोन उघडी टोके मनातल्या मनात सरळ रेषेने जोडतो आणि ३८२८.३२ असे उत्तर देतो, जे खऱ्यापेक्षा १४ टक्क्यांनी कमी आहे. त्याच वेळी लांबी मात्र २२२.८३ दाखवतो, कारण ती काल्पनिक रेषा लांबीत धरली जात नाही. म्हणून साध्या आकृतीचे क्षेत्रफळ आणि परिमिती दोन्ही हाताने काढून ताडून पाहावीत.

आपल्या प्लेटसाठी क्रम असा ठेवा: फाइलची प्रत करा, बाह्यरेषा एका लेअरवर घ्या, झेड शून्य करा, ओव्हरकिल चालवा आणि मग फझ शून्य ठेवून पीएडिट करा. जिथे ते अडेल तिथे आयडीने दोन्ही टोके तपासा आणि फिलेटने कोपरा दुरुस्त करा. शेवटी डीएक्सएफ साठवून ती नव्या, कोऱ्या ड्रॉइंगमध्ये उघडा. तिथे क्यूसिलेक्ट या गुणधर्मावरून निवड करणाऱ्या आदेशात पॉलिलाइन हा प्रकार, क्लोज्ड हा गुणधर्म आणि ‘नो’ हे मूल्य देऊन उघड्या पॉलिलाइन शोधा, आणि नंतर त्याच पद्धतीने सुट्या लाइन व आर्क शोधा. तिन्ही वेळा निवड शून्य आली, की फाइल कटिंगवाल्याकडे पाठवायला हरकत नाही.